काटा उतरलाय, अप्पा

माझं शाहूपुरीत गिझर, सोलर आणि प्रेशर पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात ठेवलेला पाना सापडत नाही, वॉशर तर डोळ्यांदेखत गायब होतात, पण किस्से मात्र कुठं जात नाहीत. वीस वर्षांत इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळा गाळा घ्यावा लागेल. त्यातले निम्मे एकट्या शिवाप्पा मिस्त्रींचे. मिस्त्री मूळचे गडहिंग्लजकडचे. त्यांचे वडील आंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे बंब करायचे. बंब गेले, गिझर आले आणि मिस्त्री माझ्याकडं आले. हाताला यश आहे, तोंडाला लगाम नाही.

* * *

ताराबाई पार्कातल्या एका डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर नवं बाथरूम केलं. छताला परातीएवढा शॉवर. सोलरची टाकी बरोब्बर त्याच्या डोक्यावर, स्लॅबला टेकलेली. शॉवरमधून पाणी कसलं, नुसता घाम यायचा. डॉक्टर आमच्यावरच चिडले.

"अहो मिस्त्री, शॉवर जर्मनीचा आहे!"

मिस्त्री वर बघत म्हणाले, "शॉवर जर्मनीचा हाय, पर पाणी पंचगंगेचं हाय न्हवं? त्येला पडायला उंची लागती."

डॉक्टरांनी आठवडाभरात टाकी सहा फूट वर उचलून घेतली.

* * *

मिस्त्रींना गळती सोसत नाही. टपटप ऐकू आली की त्यांचं जेवणात लक्ष लागत नाही, बोलण्यात लागत नाही.

कुरुंदवाडला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीच्या मागं उभा राहायचा मामाच गायब. सगळा हॉल पालथा घातला. मामा सापडले हात धुवायच्या बेसिनखाली. फेटा नळावर टांगलेला, हातात पाना. हा पाना लग्नाला कशाला आणला होता, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

मी म्हटलं, "मिस्त्री, तिकडं मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त चाललाय, तसं पाणी बी चाललंय. कुठलं तरी एक थांबीव की."

भटजींनी दोन मंगलाष्टकं जास्त म्हटली.

* * *

गंगावेशीतल्या एका पैलवानाच्या घरी प्रेशर पंप बसवला. मिस्त्रींनी विचारलं, "दाबाचा काटा कितीवर ठिऊ?"

"फुल्ल. आमच्यात निम्मं काय आवडत न्हाय."

"काटा हिरव्या पट्ट्यातच असावा, पैलवान."

पैलवान ऐकेना, फुल्ल ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं नेसरीचे पाहुणे आले. सकाळी संडासात गेले आणि तिथला फवारा जरासा दाबला. बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

शांतपणे म्हणाले, "बरं हाय पावणं तुमच्यात. आंघुळीला येगळं जायला लागत न्हाय."

त्या दुपारी काटा हिरव्यात आला.

* * *

आता मिस्त्रींच्या घरचा किस्सा. त्यांची एकुलती मुलगी गौरी. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली. मिस्त्रींनी जाहीर केलं, "त्या घरची लाइन मी बंद केली." दोन वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

म्हणजे, तसं त्यांचं म्हणणं. गौरीचा फोन तिच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना यायचा, तो स्पीकरवर लागायचा आणि मिस्त्री शेजारीच बसायचे.

"तिला इचार, जेवली काय."

गौरी तिकडून आईला, "अव्वा, त्यांना सांग, जेवले."

"तिला सांग, बारीक झालीया."

"अव्वा, त्यांना सांग, वजन वाढलंय."

एक दिवस काकूंनी फोन खाली ठेवला. "मी काय टेलिफोन एक्सचेंज हाय व्हय तुम्हा दोघांचं?"

पण मिस्त्री हटले नाहीत. मला मात्र वाईट वाटायचं. नात झाली तेव्हा या माणसानं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, आणि मुलीला साधं 'कशी हाईस' म्हटलं नाही.

* * *

गेल्या जानेवारीत एका दुपारी काकू फोन हातात धरून दुकानात आल्या. व्हिडिओवर गौरी, अंगावर दोन स्वेटर. तिकडं सकाळ होती, बाहेर बर्फ. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला होता, नवरा कामासाठी दुसऱ्या गावी आणि मेकॅनिक चार दिवसांनी येणार. तीन महिन्यांची पोर दुलईत गुंडाळलेली.

"काका, काटा शून्यावर आलाय. काय करू?" तिनं मला विचारलं.

मी असला बॉयलर जन्मात पाहिला नव्हता. तेच पाणी पाइपांतून सगळ्या खोल्यांत फिरतं आणि परत येतं, एवढंच कुठंतरी वाचलेलं. मिस्त्री पाठमोरे बसून गिझरची कॉइल साफ करत होते.

"तिला सांग, बंब दाखीव म्हणावं."

गौरीनं फोन बॉयलरभोवती फिरवला. मिस्त्री मान वळवून बघायला लागले.

"तिला सांग, खाली जाळीचा पाइप हाय..."

"कुठला पाइप, काका? इथं चार आहेत."

मिस्त्री उठले. काकूंच्या हातातून फोन घेतला. "गौरे, त्यो न्हवं! डाव्या अंगाचा. दोनी टोकांना पाणी सोडायच्या चाव्या हाईत बघ. आदी बटण बंद कर."

गौरीनं बटण बंद केलं आणि फोनकडं बघितलं. काकू स्टुलावर बसल्या.

"बगालीस काय? बंबातनं तांब्याभर ऊन पाणी काढलं की तांब्याभर गार घालायचं, ल्हानपणापास्नं सांगतोय. तवाबी इसरायचीस, आताबी इसरलीस. हं, एक चावी उघड. आता दुसरी, हळू. काटा बघ."

पाइपातून सूं आवाज आला. काटा हलला.

"हिरव्यात आला, अप्पा."

"मग दोनी बंद कर. घट्ट. आता चालू कर."

बॉयलर घुरघुरला. गौरी रडत होती. मिस्त्री म्हणाले, "रडतीस कशाला? पोरीला टोपडं घाल." फोन काकूंना दिला आणि मी कॉइलकडं बघत का बसलोय म्हणून माझ्यावरच ओरडले.

* * *

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोनला मिस्त्रींच्या फोनवर व्हिडिओ कॉल येतो. "काटा उतरलाय, अप्पा." मग बटण, डावी चावी, उजवी चावी, सगळं पहिल्यापासून. त्यात पाच मिनिटं जातात. पुढचा पाऊण तास नात दात दाखवते.

चार महिने मी दुकानात बसून हे बघितलं. एका रविवारी न राहवून म्हटलं, "मिस्त्री, पाणी आतल्या आत फिरतंय तर काटा दर आठवड्याला उतरतो कसा? कुठंतरी गळतंय. सांगा की तिला."

"वरच्या नटातनं गळतंय. पयल्याच दिशी दिसलंय मला."

"आणि सांगितलं नाही? तुम्ही?"

मिस्त्रींनी फोन वॉशरच्या डब्याला टेकवून उभा केला, फडक्यानं चष्मा पुसला आणि घड्याळाकडं बघितलं.

"गप बस जरा. दोन वाजालेत."