फटकळ डॉक्टर

"काही नाही, बरं वाटेल," हे वाक्य आमच्या डॉक्टरांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. मखमलाबाद नाक्याजवळ त्यांचा दवाखाना होता. दोन बाकं आणि एक पडदा. पडद्याआडचा आवाज बाकापर्यंत यायचा, त्यामुळे आपला नंबर लागेपर्यंत गावाची सगळी दुखणी पाठ व्हायची. "तंबाखू सोडणार नसाल तर माझ्याकडे येऊ नका, रिक्षाचं भाडं तरी वाचेल." लोक त्यांना फटकळ डॉक्टर म्हणायचे, आणि तरी बाकावर जागा मिळायची नाही.

माझ्या आत्याच्या मानेवरची गाठ त्यांनी एकदा चाचपली आणि म्हणाले, "लक्षण चांगलं नाही. उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात जायचं. परवा नाही, उद्या." आत्या तिथेच रडायला लागली. माझे वडील, म्हणजे आबा, चिडले. एवढं तोंडावर बोलायची काय गरज होती? डॉक्टर म्हणाले, "आबा, खोटा धीर मलाही देता येतो. पण मग ती उद्या जाणार नाही." आत्याला दुसऱ्याच दिवशी नेलं, गाठ काढली, आणि पुढे तिने नातसुनांना नावं ठेवण्याइतकं आयुष्य काढलं.

तेव्हापासून आबांचा या माणसावर जो विश्वास बसला, तेवढा देवावरही नसेल. आमची झेंडू-शेवंतीची शेती. दसऱ्याला फुलांची पहिली पाटी बाजाराआधी डॉक्टरांकडे जायची. ते ओंजळभर फुलं घ्यायचे आणि बाकीची परत पाठवायचे. "विकायचा माल आहे तो, वाटायचा नाही." माझं लग्न ठरत होतं तेव्हा पत्रिका बघायच्या आधी आबांनी डॉक्टरांचं मत घेतलं. "मुलगा बरा आहे, सासू तापट दिसते," असं मत आलं. दोन्ही खरं निघालं.

अशा माणसाने निवडणुकीला उभं राहू नये असं मला वाटलं होतं, पण माझ्यासारख्या शाळेतल्या बाईला कोण विचारतो! प्रचारात ओवाळायला आलेल्या एका बाईला ते म्हणाले, "मत द्या, नका देऊ, पण रक्त तपासून घ्या. पांढऱ्याफटक दिसताय." तरी निवडून आले. दुसऱ्या निवडणुकीनंतर त्यांना आरोग्य खात्याचं पद मिळालं. दवाखाना आधी संध्याकाळपुरता उरला, मग रविवारपुरता, मग त्याला कुलूप लागलं. मोठी गाडी आली, तिच्या मागे आणखी दोन गाड्या आल्या. आबा कौतुकाने सांगायचे, "आपला माणूस हाय तिथं."

मग एके दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर ती बातमी आली. पेठकडच्या डोंगरातल्या एका सरकारी डॉक्टरला शहराजवळ बदली हवी होती. त्यासाठी त्याच्याकडून पैसे घेताना आमच्या डॉक्टरांना पकडलं होतं. व्हिडिओत ते दोन माणसांच्या मध्ये खुर्चीवर बसले होते आणि कुणीतरी त्यांना पाणी देत होतं. आबांनी व्हिडिओ पाहायला नकार दिला. "जो कधी तोंडदेखलं बोलला नाय, तो असं करील? लय मोठा डाव हाय हा."

डॉक्टर जामिनावर सुटून घरी येईपर्यंत आबांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला: आमचे डॉक्टर निर्दोष आहेत. दुखरे गुडघे घेऊन ते घरोघर फिरले, सह्या घेतल्या, अंगठे घेतले. पहिली सही त्यांची, दुसरी माझी. कागद डॉक्टरांना नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं.

घरात ते एकटेच होते. डॉक्टरीणकाकू मुलीकडे पुण्याला निघून गेल्या होत्या. डॉक्टरांनी कागद नावावर बोट ठेवत वाचला. मध्येच एका अंगठ्यापाशी थांबून म्हणाले, "पार्वतीबाई चालतात का आता?" चालतात म्हटलं. सगळी नावं वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

"हा कुठे देऊ नकोस. मी पैसे घेतले. आणि तेही पहिल्यांदा नाही."

निवडणुकीचा खर्च, वरून दबाव, असं काहीतरी मीच पुटपुटले. त्यांनी हाताने थांबवलं. "पहिल्या वेळी मला झोप लागली नव्हती. दुसऱ्या वेळी लागली. तेव्हाच समजायला हवं होतं." मग खाली बघत म्हणाले, "आधीही एकाला असंच डोंगरातून शहराजवळ आणलं. त्याच्या जागी सात महिने कुणी गेलं नाही. बाळंतपणाला आलेली एक बाई तिथून परत गेली, ती वाटेत जीपमध्येच संपली. माझ्याकडे तिच्या मृत्यूचा कागद आला होता. मी तिचं नावसुद्धा वाचलं नाही."

आज लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्या बाईची नाही, आबांची काळजी वाटली. आबांना काय सांगू, असं मी विचारलं.

"त्यांना नको सांगूस," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सोसणार नाही."

या माणसाने कुणाला खोटा धीर द्यायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आलं. माहेरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. डॉक्टरांच्याच औषधांवर वाढले होते, खोटा धीर देणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा टोपी घालून निघाले आणि ज्या ज्या घरी सही घेतली होती तिथे जाऊन सांगून आले, "मी चुकीची सही घेतली तुमची." लोक म्हणाले, जाऊ द्या आबा, खातात सगळेच. आबा सगळ्यात जास्त त्यानेच खचले. संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाले, "आता नाडी कुणाला दाखवू?"

आणि खरंच कुणाला दाखवली नाही. खोकला अंगावर काढला. थंडीत धाप वाढली तेव्हा आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच हॉस्पिटलात नेलं. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर आले. आत आले नाहीत, समोरच्या भिंतीपाशी उभे राहिले. येणारे-जाणारे ओळखून कुजबुजत होते, एकाने मोबाइल वर धरला. उघड्या दारातून आबांना ते दिसले. "आत बोलावू?" मी विचारलं. आबांनी मान हलवली, नको.

थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना म्हणावं, घरी जा. लोकं बघत्यात."

मी बाहेर जाऊन निरोप सांगितला. डॉक्टर "बरं" म्हणाले आणि जिन्याने खाली गेले.

मी आत आले तर आबांचे डोळे मिटलेले होते. झोपले असतील म्हणून मी पांघरूण सारखं केलं.

"गेले का?"

"गेले."

आबांनी धाप जरा बसू दिली. मग म्हणाले, "घरी बाई नाय त्यांच्या. जेवले असतील का?"