किल्ल्यातला झगा

योएजेरचं सारं आयुष्य एका झग्यापायी गेलं, आणि तो झगा त्याचा नव्हता. यहुदी मंदिराच्या महायाजकाने, म्हणजे मुख्य पुजाऱ्याने, सणाला घालायचा निळा झगा तो. काठाला आळीपाळीने सोन्याच्या घंटा आणि लोकरीची डाळिंबं. रोमी सुभेदाराने तो मंदिराशेजारच्या किल्ल्यात कुलपाबंद ठेवला होता. झगा ज्याच्या ताब्यात, महायाजक त्याच्या मुठीत, हे सुभेदाराला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सणाआधी सात दिवस याजकांनी किल्ल्यात जायचं, पेटीवरच्या आपल्या मोहोरा शाबूत आहेत का ते पाहायचं, झगा आणून शुद्ध करायचा, सण झाला की परत नेऊन द्यायचा. वस्त्रं तपासण्याचं आणि महायाजकाच्या अंगावर चढवण्याचं काम योएजेरचं. झगा कायमचा मंदिरात यावा, एवढंच मागणं तो तीस वर्षं देवाकडे मागत होता.

त्या वर्षी वल्हांडणाच्या सणाआधी ते गेले, तर याजकांच्या मोहोरा मोडलेल्या आणि पेटीवर एकट्या किल्लेदाराची मोहोर. किल्लेदार नवा होता. हिवाळ्याच्या पावसात भिंत पाझरली, पेटीला ओल लागली, म्हणून आपण कपडे काढून तटावर उन्हात घातले, असं त्याने दुभाष्याकडून सांगितलं. उपकार केल्याच्या सुरात सांगितलं.

मंदिराचा खजिनदार एल्यासिब याने योएजेरला बाजूला घेतलं.

“दोन घंटा कमी आहेत म्हण. नुसती मोहोर तोडली म्हटलं तर सुभेदार हसेल. सोनं गेलं म्हटल्यावर कसा हसतो बघू. झगा आपल्याकडे येईल, योएजेर.”

“आणि या माणसाचं?”

“त्याचं डोकं तो सांभाळील.”

योएजेर जमिनीवर बसला. झगा मांडीवर घेऊन डोळे मिटले आणि काठावरून बोटं फिरवू लागला. घंटा, डाळिंब, घंटा, डाळिंब. एक फेरा पुरा झाला, तरी त्याने दुसरा घेतला. पाठीच्या घडीत दर हिवाळ्यानंतर बुरशी सापडायची. आज तिथे उन्हाचा वास होता.

तो गुडघ्यावर हात टेकत उठला.

“घंटा पुऱ्या आहेत. कापड धड आहे. मोहोर मोडली हे खरं, तेवढं लिहा.”

“रोमी लोकांचं मीठ खाल्लंस काय रे?” एल्यासिब म्हणाला.

घरी बायको शप्पिराने जेवण वाढता वाढता सगळं काढून घेतलं. “अहो, जन्मभर झुरलात, ते एका शब्दावर मिळत होतं.”

“तो शब्द बोलून आणलेला झगा महायाजकाच्या अंगावर चढवायचा कुणी? मीच ना?”

तिने एक भाकरी जास्त वाढली.

तक्रार मोहोरेपुरतीच गेली. सुभेदाराचं उत्तर आलं, की मंदिराचा माणूस हजर असल्याशिवाय पेटी उघडू नये, आणि हिवाळी पावसाच्या दिवसांत महिन्यातून एकदा त्याच्यासमोर कपडे उन्हात घालावेत. ताब्याबद्दल अवाक्षर नव्हतं. एल्यासिबने योएजेरशी बोलणं टाकलं.

गुडघे चालेनासे होईपर्यंत योएजेर दर हिवाळ्यात तटावर जात राहिला. झगा पसरायचा आणि ऊन कलेपर्यंत शेजारी बसायचा. झगा कायमचा मंदिरात आलेला पाहणं काही त्याच्या नशिबात नव्हतं.