बसून गवत कापू नये

उसात बिबट्या राहतो हे आमच्या शिवारात सगळ्यांना माहीत आहे. शेजाऱ्याचं वासरू गेलं तेव्हा जंगलखात्याची माणसं आली. त्यांनी चिखलातले ठसे पाहिले आणि बायकांना सांगितलं, शेतात खाली बसून काम करू नका. बसलेलं माणूस त्याला शेळीसारखं दिसतं, उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. मी तोंडावरच म्हटलं, "उभ्यानं गवत कापून दाखवा, मग ऐकते." बायका हसल्या. जंगलखात्याचा माणूस हसला नाही.

आठेक दिवसांनी मी आणि सून म्हशींसाठी गवत कापायला कळसाडीच्या शेतात गेलो. एका अंगाला आमचा ऊस, दुसऱ्या अंगाला दिराचा, मधे बैलगाडी जाईल एवढा बांध. सून भीत होती. दोन मुठी कापायची की उभी राहून मागे बघायची. मला राग आला. म्हटलं, अशानं दिवसभरात एक भारा होणार नाही, खाली बस. ती बसली. तोंड फुगवून, पदर पुढे ओढून, उसाकडे पाठ करून बसली.

मी भारा बांधायला उठले. तेव्हा तिच्या मागे दहा-बारा पावलांवर, उसाच्या वाळल्या पाचटात मला दोन डोळे दिसले. आधी वाटलं मांजर. मग डोकं केवढं आहे ते कळलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तिच्या पाठीकडे बघत होता.

ओरडावं तर ती पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रंसुद्धा लागतं. मी हळूच म्हटलं, "ऊठ वं. उभी ऱ्हाय."

तिनं मान वर केली नाही. "सकायमा तुम्हीनच सांगं ना, बठीसन काप. आते उभी ऱ्हाय म्हंतस. एक काय ते सांगा, आत्याबाई."

"मी सांगस ना, ऊठ!"

"एवढी मूठ व्हवू द्या."

ऊस जरासा हलला. त्याचे खांदे बाहेर आले, पोट जमिनीला टेकलेलं. उंदरावर झेप घेण्याआधी मांजर असंच दबतं. मी दोन ढांगांत तिच्याजवळ गेले, दंड धरला आणि तिला ओढून उभी केली. तिचा विळा माझ्या पोटरीला लागला, ते घरी गेल्यावर समजलं. ती भांडायलाच तोंड उघडत होती. माझा चेहरा बघून तिनं मागे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

बिबट्या पळाला नाही. आमच्याकडे जरा वेळ बघत राहिला, मग सावकाश वळून उसात शिरला. त्याच उसाच्या कडेनं आम्हाला रस्त्यापर्यंत जायचं होतं.

आवाज करत चालावं, एवढं माहीत होतं. पण आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायची सवय कुठली? भांडणाचंही काही सुचेना. मी चौथी शिकलेली. मोठ्यानं पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार. ती माझ्या पाठीला चिकटून म्हणत होती. पाचट वाजलं की आमचा आवाज चढायचा. वारा होता की तो होता, कळत नव्हतं. साताच्या पाढ्यात मी अडकले.

"बेचाळीस," ती मागून म्हणाली. "थांबू नका, आत्याबाई."

डांबरी रस्ता आला तशी ती मटकन खाली बसली. मी तिला पुन्हा उभी केली. रस्त्यावरसुद्धा मला तिचं बसणं बघवेना.

घरी नवऱ्यानं विचारलं, "चारा कोठे शे?"

"बांधवर पडेल शे. जा, लई या."

ते गेले नाहीत.

सुनेपुढे मी चूक कबूल केली नाही, तिनंही ती काढली नाही. आता एक कापते, दुसरी काठी घेऊन उसाकडे तोंड करून उभी राहते. गवत निम्मं होतं, म्हशी ओरडतात. माझी बसायची पाळी आली की पाठीला कोणी बघतंय असं वाटतं. दर थोड्या वेळानं मी विचारते, "देखी ऱ्हायनी ना?"

"देखी ऱ्हायनी."

उत्तराला जरा उशीर झाला की मी विळा घेऊन उभी राहते.