रतनकाकूंची अट

डोंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या रतनकाकूंना कुणी घाबरट म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. सिनेमा बघून त्या किंचाळल्या होत्या, हे खरं. पण पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

साल सत्तावन्न असेल. एका कादंबरीवरचा भीतीचा सिनेमा कल्याणला लागला होता. बंगल्यात एकटी राहणारी बाई, एक कुलूपबंद खोली आणि आतून येणारा तिचा स्वतःचाच आवाज. आत कुणीच नसतं, सगळं तिच्या मनातलं. ती कादंबरी काकूंनी दुपारी तांदूळ निवडायला बसलेल्या आम्हा बायकांना वाचून दाखवली होती, त्यामुळे शेवट त्यांना पाठ होता. तरी पडद्यावर ते कुलूप गळून पडलं आणि काकू किंचाळल्या. मग आठवडाभर झोपेत दचकायच्या, पहाटे विहिरीवर एकट्या जायच्या नाहीत.

त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे रंगूबाईंनी, निकाल देऊन टाकला: सुनेला बाहेरची बाधा झाली. मानपाड्याकडच्या भगताला निरोप गेला. तो रविवारी संध्याकाळी येणार, केस धरून मिरच्यांची धुरी देणार, आणि तरी उतरलं नाही तर रतनला माहेरी नेऊन सोडायचं, इथपर्यंत ठरलं. नवरा, महिपतकाका, आईपुढे तोंड उघडणारे नव्हतेच. असल्या नवऱ्यांचा मला आजही संताप येतो. धुरी घेतलेल्या बाईला लोक जन्मभर बाधलेलीच म्हणतात, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच?

काकू रडल्या नाहीत. पदर खोचून सासूसमोर उभ्या राहिल्या.

“मी घाबरले, कबूल. पण घाबरणं म्हणजे बाधा असेल, तर आई, आधी तुम्ही तो सिनेमा बघा. न घाबरता बाहेर आलात तर मी स्वतः केस सोडून भगतापुढे बसते.”

“चल, बघते,” रंगूबाई म्हणाल्या. “नवरा गेल्यावर तीन पोरं एकटीनं वाढवली मी. त्या पडद्याला घाबरू होय?”

रविवारी दुपारच्या खेळाला चाळीतल्या आम्ही सगळ्या बायका साक्षीला गेलो. रंगूबाई ताठ बसल्या होत्या. मध्येच “एवढंच होय?” असंही म्हणाल्या. मग ते कुलूप गळून पडलं. रंगूबाईंनी अशी किंकाळी फोडली की पुढच्या रांगेतली तान्ही पोरं रडायला लागली. सुनेचं मनगट त्यांनी इतकं आवळलं की काकूंच्या दोन बांगड्या वाढल्या.

घरी आलो तर भगत लिंबं, मिरच्या घेऊन ओट्यावर बसलेला. काकूंनी त्याच्यासमोरच अंबाडा सोडला आणि सासूला विचारलं, “आधी कोण बसतंय आई, तुम्ही की मी?”

रंगूबाईंचा चेहरा उतरला. “परत जा रे बाबा,” त्या भगताला म्हणाल्या. “इथं कुणाला काही झालेलं नाही.” मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात रंगूबाई घागर घेऊन दारातच थांबल्या. “रतन, विहिरीपर्यंत सोबत येतेस?”

“येते,” काकू म्हणाल्या. “पण आधी सांगा, मला काय झालेलं?”

रंगूबाईंनी घागर या हातातून त्या हातात घेतली.

“भीती वाटलेली,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय. चल आता.”