आत घेतलेली शिवण

आमचे बाबा चाळीस वर्षं टेलर. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आधीच त्याच्या कमरेचं माप यांच्या नजरेने घेतलेलं असायचं. वर खवचटपणे म्हणायचे, "पोट आत ओढू नका साहेब, पँट शिवायचीय, फोटो नाही काढायचा." असा जिभेचा तिखट माणूस, आणि पक्षाघाताचा झटका आला तो नेमका जिभेवर आणि उजव्या अंगावर.

हातापायाचं आम्हाला दिसत होतं. घशाचं कळायला वेळ लागला. चहाचा घोट घेतला की ठसका, मग बराच वेळ घरघर. गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पातळ काही देऊ नका, पाणीसुद्धा पावडर घालून दाट करा, ताठ बसवा, हनुवटी छातीकडे झुकवून गिळू द्या. घोट वाट चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया. तेव्हापासून माझा जीव त्यांच्या चमच्यात अडकलेला. त्यांनी घास घेतला की श्वास मी धरायची. मास्तर मात्र चार चमच्यांत तोंड फिरवणार आणि बोबड्या आवाजात म्हणणार, "खळ आहे ही. कपड्याला लावा."

डॉक्टरांनी बजावलं होतं, "खाणं कमी पडलं की स्नायू झडतात. घशाचेसुद्धा. अंग उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल." बाबांनी दवाखान्यात शेजारच्या म्हाताऱ्याला पाहिलं होतं. नळी ओढू नये म्हणून त्याचे हात खाटेला बांधलेले. तेव्हापासून नळीचं नाव काढलं की यांचा चेहरा पांढरा पडायचा. वजनकाट्यावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून डॉक्टर दर वेळी मला विचारायचे, "कपडे सैल होतायत का?"

"छे! पँट कमरेला चपखल बसते," मी छातीठोकपणे सांगायची. तीन वेळा विचारलं, तीन वेळा सांगितलं. आणि म्हणे मी शिंप्याची मुलगी!

त्या गुरुवारी दुपारी इस्त्रीसाठी मी त्यांची पँट उलटी केली. मागच्या शिवणीत चांगलं चार बोटं कापड दुमडलेलं. एक शिवण, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी.

दुकानातली काजं-बटणं जन्मभर आईने केली. हा हात तिचाच होता.

"आई, हे काय केलंस गं?"

"मास्तरच्याच कमरेवर पँट थांबत नाही म्हटल्यावर लोक हसतील ना," ती म्हणाली. "आणि सैल झालेली बघून ते खचतात. मला वाटलं, आठवडाभरात भरतील."

"आणि मी डॉक्टरांना खोटं सांगत राहिले त्याचं काय?" मी ओरडलेच. मी तशीच बाबांच्या खाटेशी गेले आणि चादर बाजूला केली. त्यांच्या धडधाकट, डाव्या पायाची पोटरी माझ्या दोन हातांच्या बोटांत मावली, वर जागा उरली. मला रडू आवरेना.

"मला... माहीत होतं," बाबा म्हणाले. "टाका तिचा. वाकडा."

म्हणजे तेही गप्प होते. नळीच्या भीतीने.

मी डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगितलं. "उद्या सकाळीच आणा. नळीचं तपासून ठरवू," ते म्हणाले. बाबांनी सगळं ऐकलं. मग आईकडे बघून म्हणाले, "उसव."

आईने ब्लेडने तिन्ही शिवणी उसवल्या. पँट चढवली तर ती कमरेवर थांबेना. बाबांनी स्वतःकडे तशीच नजर टाकली, जशी गिऱ्हाइकाकडे टाकायचे.

"एकतीस," ते म्हणाले. झटका आला तेव्हा छत्तीस होतं. टेप लावायची हिंमत आमच्या दोघींत नव्हती.

"खळ आण," ते म्हणाले.

पाच चमचे गेले, सहा गेले. सातव्याला ठसका लागला. आई भिंत धरून उभी राहिली. मी त्यांना पुढे झुकवून धरलं. ते खोकले, परत खोकले, घसा मोकळा झाला. मग हनुवटी छातीला टेकवून, डाव्या मुठीत पँट कमरेशी धरून, त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.