आमच्या हातची कचेरी

तालुक्याची कचेरी बांधली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम करत होतो. इमारत दुमजली, काळ्या दगडाची. वर सभेचा दिवाणखाना, खाली कैद्यांसाठी दोन कोठड्या. पंच वर बसून गावाच्या गटारांवर बोलणार आणि त्यांच्या पायाखाली माणसं कोंडलेली असणार. नकाशा अकोल्याहून आला होता. कोठडीला खिडकी नव्हती, छताजवळ वीतभर झरोका तेवढा. तो थोडा मोठा करू द्या, असं वडिलांनी सुचवलं. कामावरच्या सरकारी ओव्हरसियरनं ऐकलं नाही.

दर्शनी कमान चढवताना मात्र वडील त्याला सरळ बोलले, "साहेब, चुन्यात रेती लय हाय. कमान टिकाची नाई."

चुना कुठे जातो ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ओव्हरसियरचं स्वतःचं घर तेव्हाच उभं राहत होतं. खालचा लाकडी आधार काढला आणि कमानीला तडा गेला. त्यानं तडा वरून लिंपून घेतला आणि चुना चोरल्याचा आळ वडिलांवर घातला. ऐन वैशाखात अकरा दिवस वडील त्यांनीच बांधलेल्या कोठडीत होते. पुरावा मिळेना म्हणून सुटले, पण गाव त्यांना चोर म्हणायचं ते म्हणतच राहिलं. त्यांनी पुन्हा थापी हातात घेतली नाही. मी घेतली, आणि वाट पाहिली.

चौदा वर्षांनी कचेरीच्या दुरुस्तीचं काम निघालं, ते मी मागून घेतलं. ओव्हरसियर पेन्शनीत गेला होता. कमानीवर त्याच्या नावाची शिळा होती. कमान उकलायच्या दिवशी मी पंचांना बोलावलं, त्यालाही मानानं बोलावलं. शिळा काढून मागच्या दगडांमधल्या दरजा खरवडल्या, तशी भुरभुर रेती गळाली. ती मी त्याच्या ओंजळीत ओतली.

"चुना कुठी गेला, साहेब?"

तो पंचांकडे बघत राहिला. रेती त्याच्या धोतरावर सांडत होती. मी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. म्हातारा रडायला लागला तेव्हा एका पंचानं मला आवरलं. ती शिळा मी परत वर चढवली नाही. कोठडीच्या मोरीवर बसवली, अक्षरं वर ठेवून.

घरी वडिलांना सगळं सांगितलं.

"तुले बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं."

"मले बी."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. इतकी वर्षं टाळलेल्या त्या बाजारात ते पांढरा फेटा बांधून गेले, आणि मुद्दाम कचेरीसमोरून गेले.