याकूबभाई आणि मधला जिना

याकूबभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी टपरीवर त्यांचीच गोष्ट रंगवत होतो. दोन्ही हातांत पाण्याच्या कॅन घेऊन तिसऱ्या मजल्यावर ते एका दमात येतात, धाप लागते ती जिन्याला... लोक हसत होते आणि मुलगी फोनवर सांगत होती, "बाबा, याकूबचाचा गेले. दुकानातच, मशीनवर बसल्या बसल्या."

याकूबभाई आमचे शेजारी, पेशानं टेलर. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून इकडच्या फौजेत आलेले. रंग काळाभोर, केस कुरळे, खांदे दाराच्या चौकटीएवढे, आणि बोली माझ्यापेक्षा अस्सल मराठवाडी. मी मात्र ओळख करून देताना "आमचे हबशी पहिलवान" म्हणायचो. प्रेमानंच.

जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडला ती वर्षं. शहर बायपास ओलांडून पळत सुटलेलं. आमच्या नव्या इमारतीत लिफ्ट फक्त नकाशात होती आणि पाणी गुरुवारच्या टँकरमध्ये. पहिल्याच गुरुवारी मी गुडघे चोळत म्हणालो, तुमच्या रक्तातच ताकद, आम्ही आपले वरणभातवाले. ते हसले आणि माझ्याही कॅन घेऊन गेले. मग मी त्यांना दौलताबादच्या किल्ल्यावर एकट्यानं तोफ चढवणारा खापरपणजोबा बहाल केला. इमारतीनं तो मान्य केला. पुढच्या गुरुवारी सगळ्या म्हाताऱ्यांच्या कॅन याकूबभाईंसाठी रांगेत उभ्या. दमलात का, असं कुणी विचारलंच नाही... पहिलवानाला काय विचारायचं?

मुलीच्या लग्नातल्या माझ्या कोटाची काजं ते हातानं घालत होते. मान वर न करता म्हणाले, "कुलकर्णी, तीस वर्षं काजं घालतो. याकूबच्या रक्तात सुई हाय, असं कुणी म्हटलं नाय. कॅन उचलली की लगेच सगळ्यांना माझं रक्त दिसतं."

"अहो, मी तर तारीफच करतो."

"व्हय ना. म्हणून तर नाय म्हणता येत नाय."

ते काज खरंच रेखीव होतं, मुंगीनं घातल्यासारखं. मी तसं म्हणालो नाही. संध्याकाळी टपरीवर हा किस्साही सांगितला, वर तोफ जोडून.

चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर याकूबभाईंच्या बायकोनं, भाभींनी, सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचं घर बंद असायचं. त्या दारापुढं कॅन ठेवून ते पायरीवर बसत, छाती धरून. धाप ओसरली की उठत. मी म्हणालो, मला कधीच का नाही कळलं? त्या शांतपणे म्हणाल्या, "वर दारात तुम्ही कौतुकानं उभे असायचे. तुमच्यासमोर कसं हाफणार?"

आता गुरुवारी माझी पाच लिटरची कॅन मीच आणतो. दुसऱ्या मजल्यावर फरशीवर खाऱ्या पाण्याचे दोन पांढरे डाग आहेत, मधे एक माणूस बसेल एवढी जागा. मी तिथं बसतो. धाप लागते. आणि वर माझ्या दारात कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत उभं आहे, असं इतकं खरं वाटतं, की मी तोंडावर हात दाबून धरतो.